तहानलेल्यांस पाणी : वेल्ह्याचे डोंगर, फादर बाखर आणि आपली श्रद्धा

संत मत्तयच्या शुभवर्तमानातील पंचविसाव्या अध्यायात प्रभू येशूने अंतिम न्यायाचे जे चित्र रेखाटले आहे, त्यात श्रद्धेची परीक्षा कोणत्या प्रश्नांनी घेतली जाते हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. त्या प्रश्नांत धर्मसिद्धांताचा एकही प्रश्न नाही. भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, परक्याला आसरा, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याची विचारपूस, बंदिवानाची भेट, एवढेच विचारले जाते. ख्रिस्तसभेने यात मृतांना मूठमाती देण्याची भर घातली आणि दयेची सात शारीरिक कृत्ये धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवली जाऊ लागली. त्यातील दुसऱ्या कृत्याकडे आपले सहसा दुर्लक्ष होते. अन्नदान आपण करतो, वस्त्रदान करतो, नाताळच्या सुमारास ब्लँकेटेही वाटतो (कधीकधी छायाचित्रात ब्लँकेटापेक्षा फलकच मोठा दिसतो, हा भाग निराळा). पाणी मात्र नळाला येते, म्हणून ते देण्याची गोष्ट आहे असे शहरातील भाविकाला वाटत नाही.

ते नळाला कोठून येते, याचा विचार केला की वेल्ह्याची वाट धरावी लागते.

धरणाच्या वरच्या अंगाला

पुण्याच्या नैर्ऋत्येस, सह्याद्रीच्या ऐन कुशीत वेल्हे तालुका आहे. आता त्याचे नाव राजगड तालुका असे झाले असले तरी लोकांच्या तोंडी वेल्हे हेच नाव आहे. तोरणा आणि राजगड हे दोन किल्ले, भाताची खाचरे, उतारावर नाचणी आणि वरई, डोंगराच्या सोंडांवर विखुरलेल्या वाड्या आणि धनगर वस्त्या असा हा मुलूख आहे. पुणे शहराला पाणी पुरविणाऱ्या खडकवासला साखळीत चार धरणे आहेत : खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर. चौघांची मिळून साठवण सुमारे 29.15 टीएमसी. त्यापैकी पानशेतची 10.65 आणि वरसगावची 12.82 टीएमसी, म्हणजे दोहोंची मिळून तीन चतुर्थांशाहूनही अधिक. ही दोन्ही धरणे वेल्ह्याच्या अंगणातील आहेत. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटून पुण्यात हाहाकार उडाला, त्या घटनेमुळे पानशेतचे नाव जुन्या पुणेकरांच्या मनात कायमचे कोरले गेले. परंतु ज्यांची घरे आणि खाचरे धरणांच्या पाण्याखाली गेली आणि ज्यांना खाली दौंडसारख्या कोरड्या भागात जाऊन नव्याने संसार मांडावा लागला, त्यांची आठवण शहराला तितकीशी राहिली नाही.

पावसाळ्यात येथे डोळ्यांपुढचा डोंगर दिसत नाही इतका पाऊस कोसळतो. हिशेब सोपा आहे : एक मिलिमीटर पाऊस एका हेक्टरवर पडला की 10,000 लिटर पाणी होते. वर्षाकाठी 2,000 मिलिमीटर पाऊस धरला तर एका हेक्टरवर 2 कोटी लिटर पाणी पडते. तरीही मार्च सरता सरता डोंगरावरील वाड्यांचे झरे आटू लागतात आणि माउल्यांच्या डोक्यावर हंडे चढतात. काळा कातळ कठीण, माती थोडी, उतार तीव्र, त्यामुळे आलेले पाणी थांबत नाही. ते ओढ्यात, ओढ्यातून नदीत, नदीतून धरणात आणि धरणातून आपल्या नळात येते. ज्या वाडीवर ते प्रथम पडले, तेथे मे महिन्यात घागर भरायला तास लागतो.

पुण्याच्या बहुतांश भागातील चर्चमध्ये पुनरुत्थान रविवारच्या आदल्या रात्री जे पाणी आशीर्वादित केले जाते, बालकांच्या मस्तकावर बाप्तिस्म्याचे जे पाणी ओतले जाते, ते याच खोऱ्यांतून आलेले असते. आणि पुनरुत्थानाचा सण येतो तोही नेमका झरे आटण्याच्या दिवसांत.

एका येशूसंघीय धर्मगुरूचे उत्तर

तहानलेल्यास पाणी देणे म्हणजे काय, याचे महाराष्ट्राच्या मातीतील सर्वांत विचारपूर्वक दिलेले उत्तर अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात सापडते. 1987 साली नाशिक धर्मप्रांत स्थापन होईपर्यंत हा जिल्हा पुणे धर्मप्रांतातच होता. त्यामुळे ही कथा आपल्याच घरातील आहे.

फादर हर्मन बाखर हे स्वित्झर्लंडचे येशूसंघीय धर्मगुरू 1948 साली भारतात आले. अहमदनगरच्या दुष्काळी गावांत त्यांनी आयुष्य वेचले आणि तेथे सोशल सेंटर ही संस्था उभी केली. मराठी मातीत ते इतके रुळले की लोक त्यांना बाखर बाबा म्हणू लागले. 2021 साली, नव्वदी ओलांडून गेल्यावर, त्यांचे निधन झाले. त्यांच्याविषयी बोलताना त्यांच्या दयाळूपणाचा उल्लेख होतो तो योग्यच आहे, परंतु मला त्यांची चिकाटी अधिक मोलाची वाटते. दुष्काळात धान्य वाटणे हे दयेचे काम आहे. पण पुढच्या दुष्काळात तेच धान्य त्याच माणसाला पुन्हा वाटावे लागत असेल, तर आपण त्याची भूक भागविली, त्याची अडचण नव्हे.

1972 च्या भीषण दुष्काळानंतर महाराष्ट्रात विहिरी आणि विंधनविहिरी झपाट्याने वाढल्या. पंप आले, ऊस आला, आणि जमिनीखालचे पाणी खाली खाली गेले. जमिनीच्या पोटातून पाणी काढणे सर्वांना जमू लागले होते, पोटात घालणे कोणालाच सुचत नव्हते. पाणलोट क्षेत्र विकासाचा विचार येथे महत्त्वाचा ठरतो. डोंगराच्या माथ्यापासून पायथ्यापर्यंत टप्प्याटप्प्याने काम करायचे : माथ्यावर समतल चर आणि झाडे, घळींमध्ये अनघड दगडांचे बांध, शेतात बांधबंदिस्ती, आणि सर्वांत शेवटी नाल्यावर बंधारा. धावणाऱ्या पाण्याला चालायला लावायचे, चालणाऱ्याला थांबवायचे आणि थांबलेल्याला मुरवायचे. क्रम उलटा करून आधी बंधारा बांधला तर दोन पावसाळ्यांत तो गाळाने भरतो. हे सांगायला सोपे वाटते, पण दिसणारे काम आधी करण्याचा मोह सरकारला असतो, संस्थांना असतो आणि आपल्या धर्मग्रामालाही असतो.

1990 च्या दशकाच्या आरंभी जर्मन शासनाच्या अर्थसाहाय्याने आणि नाबार्डच्या सहभागाने इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम महाराष्ट्रात सुरू झाला. त्यामागील प्रेरणा फादर बाखर यांची होती. गावांना आणि संस्थांना या कामासाठी तयार करण्याकरिता 1993 साली वॉटर ही संस्था स्थापन झाली. क्रिस्पिनो लोबो हे तिचे सहसंस्थापक. या कार्यक्रमाची अट अशी होती की गावाने आधी श्रमदान करून दाखवावे, मोकाट चराई आणि झाडतोड बंद करावी, ग्रामसभेतून पाणलोट समिती निवडावी आणि त्यानंतरच पैशांचा विचार व्हावा. म्हणजे मदत मागणाऱ्याला याचक म्हणून नव्हे, तर कामातील भागीदार म्हणून वागविले गेले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने मानवी प्रतिष्ठेविषयी जे सांगितले आणि पोप पौल सहावे यांनी 1967 च्या आपल्या परिपत्रकात लोकांच्या प्रगतीविषयी जे लिहिले, त्याचे भाषांतर एका स्विस धर्मगुरूने कुदळ-फावड्याच्या भाषेत केले असे म्हणता येईल.

दरेवाडीचा लाभ आणि दरेवाडीची किंमत

संगमनेर तालुक्यातील दरेवाडी हे गाव या कार्यक्रमाचे गाजलेले उदाहरण आहे. येथे 1996 ते 2001 या काळात काम झाले. त्यापूर्वी शेतीत वर्षातून तीन-चार महिनेच काम मिळत असे, कामानंतर ते नऊ-दहा महिन्यांवर गेले. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावाला टँकरची गरज उरली नाही. ऊसतोडीला आणि शहराकडे जाणारी माणसे घरी राहू लागली.

मात्र चराईबंदीची झळ सर्वांना सारखी बसली नाही. ज्यांच्याकडे शेती होती त्यांना पाणी मिळाले. ज्यांच्याकडे केवळ मेंढ्या होत्या त्यांच्यापुढे डोंगर बंद झाला. मेंढपाळांचा विरोध स्वाभाविक होता, आणि चर्चा करून, डोंगराचा भाग टप्प्याटप्प्याने बंद करून वाट काढावी लागली. स्त्रियांचे श्रम कामात होते, पण निर्णयात त्यांचा आवाज मागाहून आला. शिवाय पाणी वाढले की पंपही वाढतात, हा धडाही आहेच. उत्पत्तीच्या सव्विसाव्या अध्यायात इसहाकाचे नोकर विहिरी खोदतात आणि गराराचे गुराखी त्यांवर हक्क सांगत भांडतात. दोन विहिरी सोडून दिल्यावर तिसरीवर तंटा होत नाही आणि तिला ऐसपैस जागेचे, रहोबोथ हे नाव मिळते. पाणी सापडले की प्रश्न संपला असे पवित्र शास्त्रही म्हणत नाही.

चांगल्या कामाची ही बाजू आपल्या नियतकालिकांत फारशी येत नाही. येणे आवश्यक आहे, कारण तेच काम दुसरीकडे नेताना हेच उपयोगी पडते.

वेल्हे म्हणजे दरेवाडी नव्हे

दरेवाडीत पाऊस जेमतेम साडेचारशे मिलिमीटर पडतो. तेथील उपाय उचलून वेल्ह्याच्या उभ्या उतारावर नेला, तर धोकाही संभवतो. 30 जुलै 2014 रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक जीव गेले. अतिपावसाच्या, तीव्र उताराच्या डोंगरात कोठे पाणी मुरवावे आणि कोठून ते सुखरूप वाहू द्यावे, हे भूशास्त्र जाणणाऱ्याला विचारल्याशिवाय चर खोदू नयेत. येथे प्रश्न पाऊस मिळविण्याचा नाही, झरा जपण्याचा आणि पाणी साठविण्याचा आहे. राजगडावरील पद्मावती तलाव आणि किल्ल्यांवरील खोदीव टाकी पाहिली की हे आपल्या पूर्वजांना उमगले होते हे कळते.

झरा मोजणे अवघड नाही. दहा लिटरची बादली धारेखाली धरावी आणि घड्याळ पाहावे. 40 सेकंदांत बादली भरली तर मिनिटाला 15 लिटर, म्हणजे दिवसाला 21,600 लिटर. जलजीवन मिशनच्या दरडोई 55 लिटर या मापाने ते सुमारे 390 माणसांना पुरेल. हाच झरा मे महिन्यात मिनिटाला 2 लिटरवर आला तर दिवसाचे 2,880 लिटर होतात, म्हणजे बावन्न माणसांपुरते. एखाद्या छोट्या वाडीला तेवढे पुरूही शकते. अडचण अशी की रात्रीच्या दहा तासांत वाहणारे 1,200 लिटर कोणीच भरून घेत नाही, आणि पहाटे पुन्हा रांग लागते. झऱ्याच्या तोंडाशी स्वच्छ बंदिस्त हौद बांधला, खाली साठवण टाकी दिली आणि वर झाडतोड थांबवली, तर रात्रीचे पाणी सकाळी मिळते. या कामाला धरणाचा खर्च येत नाही. एका मध्यम धर्मग्रामाच्या उपवासकाळातील वर्गणीच्या आवाक्यातील ते काम आहे.

वेल्हे खोऱ्यात ज्ञान प्रबोधिनीसारख्या संस्थेने शिक्षणाचे आणि स्त्रियांच्या बचतगटांचे काम चिकाटीने उभे केले आहे. येथे जाणाऱ्या ख्रिस्ती भाविकाने आपणच पहिले आलो अशा समजुतीत राहू नये. ग्रामपंचायतीला विचारावे, बचतगटातील भगिनींना विचारावे, झऱ्याची जमीन कोणाच्या नावावर आहे ते पाहावे, आणि वाडीने स्वतः हौदाची देखभाल करण्याचे ठरविल्यानंतरच सिमेंटची पिशवी उचलावी.

अट न घालता

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. ख्रिस्ती माणूस पाणी घेऊन गावात आला की त्यामागे काय असेल, अशी शंका आजच्या वातावरणात घेतली जाते. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी 2005 सालच्या प्रीतीविषयक परिपत्रकात याचे उत्तर देऊन ठेवले आहे : प्रीती निर्हेतुक असते आणि धर्मांतराचे साधन म्हणून ती वापरता येत नाही. चांगल्या शोमरोन्याने जखमी माणसाला त्याची जात विचारली नाही, आणि बरा झाल्यावर आपल्या मंदिरात ये असेही सांगितले नाही. धर्मशाळेच्या मालकाला पैसे दिले, परत येईन म्हणाला आणि निघाला. परत येईन हे म्हणणे त्या दाखल्यातील सर्वांत दुर्लक्षित वाक्य आहे. सेवेचा एक दिवस ठरवून बसने जाणे सोपे आहे, दुसऱ्या वर्षी त्याच वाडीत हौद गळतो का ते पाहायला जाणे कठीण.

पोप फ्रान्सिस यांनी 2015 साली सृष्टीच्या काळजीविषयी परिपत्रक लिहिले आणि 2016 साली दयेच्या कृत्यांत आपल्या सामाईक घराची निगा राखण्याची भर घालावी असे सुचविले. पोप लिओ चौदावे यांनी 2025 साली गरिबांवरील प्रीतीविषयी जो उपदेश प्रसिद्ध केला, तोही याच वाटेवरचा आहे. वेल्ह्यात ही दोन्ही कृत्ये एकाच जागी भेटतात, कारण तेथे डोंगर जपल्याशिवाय तहान भागत नाही.

ज्या धर्मग्रामांना या कामात रस असेल त्यांनी प्रथम मे महिन्यात एक फेरी करावी. पावसाळ्यात वेल्ह्याला गेल्यास धबधबे दिसतील आणि छायाचित्रे उत्तम येतील, पण झरा कळणार नाही. पुण्यापासून अंतर सुमारे 60 किलोमीटर आहे. भल्या पहाटे निघावे, म्हणजे सकाळची पाण्याची रांग गाठता येते. बरोबर दहा लिटरची बादली, घड्याळ आणि वही एवढे असले म्हणजे पुरे.