दूध पाजणाऱ्या बाया

हिलारियन नावाचा एक माणूस कामासाठी आलेक्झांड्रियाला गेला होता. ख्रिस्तपूर्व १ या वर्षी त्याने गावाकडे आपल्या गरोदर बायकोला, आलिसला, पत्र लिहिलं. इजिप्तच्या कोरड्या वाळूत ते पत्र पपायरसवर टिकून राहिलं. त्यात माया आहे. घोर लावून घेऊ नकोस, लहानग्याकडे बघ, पैसे हातात पडले की लगेच पाठवतो, असं तो लिहितो. आणि त्याच ओघात सांगतो की बाळ झालं आणि मुलगा असला तर राहू दे, मुलगी असली तर टाकून दे.

हे पत्र मी कितीदा तरी वाचलं असेल. मला त्यात राक्षस दिसत नाही, बायकोवर जीव असलेला नवरा दिसतो. जन्मलेलं मूल घरात घ्यायचं की नाही हे बापाने ठरवायचं, अशी ग्रीक-रोमन जगाची रीतच होती. नको असलेलं मूल उकिरड्यावर, नाहीतर रस्त्याच्या कडेला ठेवून येत. काही मरत, काहींना उचलून नेऊन गुलाम म्हणून वाढवलं जाई. कायद्याला त्यात गैर वाटत नव्हतं, शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही नाही.

माझी सगळी नोकरी नवजात बाळांच्या वॉर्डात गेली. टाकलेली बाळं पोलीस आमच्याकडेच आणत. त्यामुळे ख्रिस्ती घरात लहानपणापासून ऐकलेलं ‘प्रत्येक माणूस देवाच्या प्रतिरूपाचा’ हे वचन मला कायम अशा बाळाच्या वजनासकट आठवतं. दीड किलोचं, अंग गार पडलेलं, चोखायचीही ताकद नसलेलं बाळ. ते देवाच्या प्रतिरूपाचं आहे असं मानलं, तर पुढच्या तासाभरात काय करायचं, हा माझा प्रश्न असे. आमच्या धर्माच्या इतिहासात मी याच प्रश्नाचं उत्तर शोधत आले.

पहिलं श्रेय ज्यू लोकांचं. मूल टाकणं हे पाप, असं ते आधीपासून मानत होते, आणि हा हट्टीपणा रोमन लेखकांनाही खटकला होता. ख्रिस्ती मंडळींनी ही शिकवण त्यांच्याकडूनच घेतली. ‘दिदाखे’ या अगदी सुरुवातीच्या ख्रिस्ती पुस्तिकेत गर्भ पाडू नये, जन्मलेल्या मुलाला मारू नये, अशी स्पष्ट आज्ञा आहे. दुसऱ्या शतकात जस्टिन या ख्रिस्ती लेखकाने रोमच्या सम्राटाला उद्देशून लिहिताना आणखी एक गोष्ट मांडली. टाकलेली मुलं उचलून वेश्याव्यवसायासाठी वाढवली जातात, तेव्हा तिथे जाणारा माणूस नकळत स्वतःच्याच लेकराकडे जात असेल. ऐकणाऱ्याला शिसारी यावी म्हणूनच त्याने ते लिहिलं, आणि योग्य केलं.

पण मला सगळ्यांत मोलाचा वाटतो तो सम्राट कॉन्स्टंटाइनचा ३१५ सालचा कायदा. गरिबीमुळे ज्यांना मूल पोसता येत नाही अशा आईबापांना सरकारी खजिन्यातून अन्न आणि कपडे विनाविलंब द्यावेत, असा तो हुकूम. कारणही त्यातच दिलं आहे, की जन्मलेल्या बाळाचं संगोपन थांबून राहू शकत नाही. हे वाक्य लिहिणाऱ्या कारकुनाने कधीतरी भुकेलं तान्हं बाळ जवळून पाहिलं असणार, असं मला वाटतं. बालहत्येला देहदंडाची शिक्षा आली ती पुढे, ३७४ साली. आधी मदत आणि मग शिक्षा, हा क्रम नंतरच्या कित्येक राज्यकर्त्यांना सुचला नाही. अर्थात त्याच कॉन्स्टंटाइनने, टाकलेलं मूल उचलणाऱ्याने त्याला हवं तर गुलाम म्हणून ठेवावं, अशी मुभाही दिली होती.

रोममध्ये एक कथा सांगतात. टायबर नदीत कोळ्यांनी जाळी टाकली आणि त्यांत तान्ह्या बाळांची प्रेतं आली. त्या दृश्याने हादरून पोप तिसऱ्या इनोसंटने बाराव्या शतकाच्या अखेरीस व्हॅटिकनजवळ सांतो स्पिरितो रुग्णालय उभारलं. कथा घडली तशीच असो वा नसो, रुग्णालय खरं होतं, आणि भिंतीतलं चाक तिथलंच म्हणून प्रसिद्ध झालं. एका बाजूने उघडं असं लाकडी पिंप भिंतीत उभं बसवलेलं. आईने बाहेरून बाळ आत ठेवायचं, पिंप फिरवायचं, घंटा वाजवायची आणि निघून जायचं. आतल्या बाईला तिचं तोंड दिसत नाही. नाव, गाव, बाप, कोणी काही विचारत नाही. पुढे इटली, फ्रान्स, पोर्तुगाल सगळीकडे अशी चाकं बसली. १८११ साली तर नेपोलियनने फ्रान्सभर ती बसवण्याचा हुकूमच काढला.

फ्लोरेन्सच्या अनाथालयाबद्दल मात्र मला सविस्तर सांगायचं आहे. त्याचं नाव ओस्पेदाले देल्यी इनोचेंती, म्हणजे निष्पापांचं रुग्णालय. हेरोद राजाने मारलेल्या बेथलेहेमच्या बाळांवरून ते ठेवलेलं. प्रातोच्या फ्रांचेस्को दातिनी या व्यापाऱ्याने मृत्युपत्रात हजार फ्लोरिन ठेवले, रेशीमवाल्यांच्या संघाने जबाबदारी घेतली, आणि १४१९ साली ब्रुनेलेस्कीने काम सुरू केलं. १४४५ च्या जानेवारीत ते उघडलं. ५ फेब्रुवारीला पहिलं बाळ आलं. मुलगी होती. तो दिवस संत आगाथाचा, म्हणून तिचं नाव आगाता ठेवलं. कमानींवर आंद्रेआ देल्ला रोब्बियाने घडवलेली, कापडात गुंडाळलेली बाळं निळ्या पार्श्वभूमीवर आजही दिसतात.

बाळांसोबत आलेल्या खुणा तिथल्या संग्रहालयात जपल्या आहेत. अर्धं तोडलेलं नाणं, अर्धं पदक. उरलेला अर्धा तुकडा आईकडे. कधीतरी येईन आणि जुळवून घेईन, ही आशा. फार थोड्यांना परत येता आलं.

आता दुधाचं. वरचं दूध पाजून तान्हं बाळ जगवणं त्या काळी जवळजवळ अशक्य होतं. अंगावरचं दूध हाच उपाय. म्हणून अनाथालयाने मोजक्या बाया आत ठेवल्या आणि बाकीची बाळं खेड्यापाड्यांतल्या, डोंगरातल्या बायकांकडे महिन्याच्या पगारावर धाडली. कोणतं बाळ कोणाकडे, कधी दिलं, किती पैसे चुकते केले, कधी वारलं, याच्या वह्या सुरुवातीपासून लिहिलेल्या आहेत. पैसे थकले की बाया बाळं परत आणून देत. दुष्काळात, युद्धात खाटा भरत आणि दूध आटे. अशा वर्षांत आलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त बाळं जात.

आणि जे वाचून मला रात्री झोप लागली नाही, ते हे. त्या काळी फ्लोरेन्सच्या श्रीमंत घरांत तातार आणि चर्केस गुलाम बायका असत. मालकापासून त्यांना दिवस जात. सुरुवातीच्या वर्षांत इनोचेंतीत आलेल्या बाळांपैकी बरीचशी अशा बायकांची होती. बाळ अनाथालयात ठेवायचं आणि त्या आईला दूध पाजायला दुसऱ्या घरी भाड्याने द्यायचं, त्याचे पैसे मालकाने घ्यायचे. तिचं स्वतःचं बाळ दुधावाचून मरायचं. हे सगळे मालक बाप्तिस्मा झालेले, मिस्साला जाणारे लोक. जीव पवित्र असल्याची शिकवण त्यांना पाठ होती. मी माझ्याच मंडळीबद्दल हे लिहिते आहे, आणि ते लिहायलाच हवं. बाळाच्या आत्म्याची त्यांना काळजी होती, बाप्तिस्म्याची घाईही होती. त्याच्या पोटाची काळजी मात्र परवडेल तेवढीच.

दुधाची हीच टंचाई लंडनलाही झाली. थॉमस कोरम नावाच्या खलाशाने रस्त्यावर मरणारी बाळं पाहिली आणि सतरा वर्षं खटपट करून १७३९ साली अनाथालयाची सनद मिळवली. १७५६ साली संसदेने पैसे दिले, अट घातली की येईल ते प्रत्येक मूल घ्यायचं. चार वर्षांत सुमारे १५,००० बाळं आली, आणि त्यांतली जेमतेम ४,४०० जगून कामधंद्याला लागली. दार सताड उघडलं, पण एवढं दूध आणायचं कुठून?

एकोणिसाव्या शतकात चाकं एकेक करून बंद झाली. फ्लोरेन्सच्या अनाथालयातली, बाळ आत ठेवायची जाळीची खिडकी १८७५ साली मिटली. चाकामुळे मुलं टाकण्याला उत्तेजन मिळतं, हा सरकारचा मुख्य आक्षेप होता.

त्याच सुमारास आपल्याकडे, १८६३ साली, जोतिराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं. जोतिराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले होते, पण ख्रिस्ती झाले नाहीत, आणि हे काम त्यांच्या स्वतःच्या श्रद्धेचं होतं. तरी चाकाने दिलेला गुप्ततेचा शब्द तिथेही होताच. विधवेने यावं, गुपचूप बाळंत व्हावं, मूल न्यावं किंवा ठेवावं. फरक असा की इथे बाई भिंतीबाहेर राहत नव्हती, तिलाही आत जागा होती. म्हणून मला हे घर फ्लोरेन्सच्या राजवाड्यासारख्या इमारतीपेक्षा मोठं वाटतं. पंढरपूरलाही असंच एक गृह पुढे १८७५ साली निघालं.

दुधाच्या प्रश्नाला धड उत्तर मिळालं ते माझ्या हयातीत. १९८९ साली मुंबईच्या सायन हॉस्पिटलात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी मातृदुग्ध पेढी सुरू केली, आशियातली पहिली. दूध देणाऱ्या आईची एचआयव्ही, कावीळ वगैरेंसाठी तपासणी होते. दूध साडेबासष्ट अंशांवर अर्धा तास तापवून, गार करून, गोठवून ठेवतात. अपुऱ्या दिवसांच्या, आजारी, आई नसलेल्या बाळांना ते नळीने किंवा वाटीचमच्याने देतात. पैसे कोणी देत नाही, कोणी घेतही नाही. आणि दूध द्यायला आलेल्या बाईला आधी एकच विचारायचं असतं: तुझ्या बाळाचं पोट भरलं का? ते भरून उरलं असेल, तेवढंच घ्यायचं.