पायाच्या लेपाची कुळकथा

वज्रलेप म्हटला की मराठी माणसाला पंढरपूरचा विठोबा किंवा कोल्हापूरची अंबाबाई आठवते. मूर्तीची झीज झाली की लेप द्यायचा, एवढाच त्याचा अर्थ आपल्या मनात राहिला आहे. जुनी कृती मात्र मूर्तीइतकीच भिंतींसाठी आणि विहिरींसाठीही सांगितलेली आहे. ती नोंदवली वराहमिहिराने, सहाव्या शतकात, बृहत्संहितेत. तो अवंतीचा. त्याचे कापित्थक म्हणजे उज्जैनजवळचे कायथा, असे अनेक अभ्यासक मानतात, आणि तिथून देवास फार लांब नाही. एके काळी पवारांची संस्थाने असलेल्या धार-देवासात आज घराच्या पायाला पाणी अडवणारा जो थर देतात, त्याचा पूर्वज असा याच माळव्यात सापडतो.

कृती सविस्तर आहे. कच्ची टेंभुरणी, कच्चे कवठ, सावरीची फुले, साळईच्या बिया, धामणीची साल आणि वेखंड पाण्यात उकळायचे. काढा आटवून आठवा हिस्सा उरला की त्यात राळ, गुग्गुळ, बिब्बा, जवस, बेल घालायचे आणि लेप तापलेला असतानाच लावायचा. यादी नीट पाहिली की तिच्यामागची समज लक्षात येते. कवठ-बेलाचा चिकटा धरून ठेवतो. राळेला पाणी मानवत नाही. जवसाचे तेल हवेत सुकून कातड्यासारखे होते. हा लेप कोटीभर वर्षे टिकेल, असे ग्रंथ म्हणतो. आकडा सोडून द्या, दिशा बरोबर होती.

त्याहून कितीतरी जुना दाखला मोहेंजोदडोच्या महास्नानगृहाचा. तिथल्या कारागिरांनी विटांच्या भिंतीमागे डांबराचा थर दिला आणि तो उघडा न ठेवता बाहेरून पुन्हा विटा रचल्या. मला या सगळ्या इतिहासात हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. पाणी अडवणारा थर स्वतः नाजूक असतो, त्याला पाठीराखा लागतो, हे त्यांना साडेचार हजार वर्षांपूर्वी कळले होते.

पुन्हा माळव्यात यायचे तर धार जिल्ह्यातल्या मांडूचा जहाजमहाल मुंज तलाव आणि कपूर तलाव यांच्या मधोमध उभा आहे. पंधराव्या शतकातली ही इमारत, दोन्ही अंगांना पाणी. तिथे सगळी भिस्त दगड आणि चुन्यावर. चुन्याला बारीक चीर गेली तर पाण्याबरोबर विरघळलेला चुना त्या चिरेत पुन्हा साकळतो आणि काही अंशी ती आपोआप बुजते. सिमेंटच्या टणक गिलाव्याला हे फारसे साधत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये जोत्याच्या पातळीवर ओलरोधक थर घालण्याचे नियम झाले. पुढे तो सरकारी बांधकामांतून आपल्याकडेही रुळला. आज गवंडी त्याला सरळ डीपीसी म्हणतात. तळघरांसाठी मुंबईकडे बॉक्स टाइप वॉटरप्रूफिंग आले. त्यात खाली आणि चारही बाजूंनी शहाबादी फरशी बसवून सांधे सिमेंटने भरतात. इथेही पाठीराखा आहेच.

माळव्याची काळी माती मात्र या थराची कसोटी पाहते. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि पायाला चिकटलेला थर या ओढाताणीत सापडतो. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर 1921 साली देवास संस्थानाच्या थोरल्या शाखेच्या महाराजांचा चिटणीस होता. नव्या राजवाड्याचे काम चालूच होते आणि दहाएक वर्षांपूर्वी बांधलेला भाग ढासळू लागला होता, असे त्याने लिहून ठेवले आहे. दोष पायाचाच होता असे मी म्हणणार नाही. पण या जमिनीत बांधताना पायाकडे काणाडोळा परवडत नाही.

थर फाटतो तो बहुधा आपल्याच हातून. नळासाठी चर खणताना पहारीचे टोक लागते, किंवा भरावातला कोनदार दगड घसरत जातो. भोक नखाएवढे असते. दोन पावसाळ्यांनी आतल्या भिंतीला लोणा धरतो, रंगाचे पापुद्रे सुटतात, आणि घरमालक आतून गिलावा करत बसतो. तो टिकत नाही, कारण पाणी बाहेरून येते.

दुरुस्ती बाहेरूनच हवी. फाटलेल्या जागेच्या खाली आणि दोन्ही बाजूंना माती मोकळी करा. पृष्ठभाग घासून पुसून पूर्ण कोरडा होऊ द्या. सुटलेल्या कडा कापून टाका. डांबरी थर असेल तर प्रायमर मारून त्याच जातीचे ठिगळ लावा, भोकाच्या चारही बाजूंनी निदान 15 सेंटिमीटर पुढे जाईल असे, कोपरे गोल कापून. टोकदार कोपरा आधी उचलतो. नुसता सिमेंटचा गोळा थापू नका, काळ्या मातीच्या हालचालीने तो तडकतो. ठिगळावर संरक्षक पत्रा किंवा विटेची पातळ भिंत द्या, मग दगड निवडून काढलेला मुरूम थरथराने भरा.

खड्डा उघडा आहे तोवर हे काम काही तासांचे आहे. मजुराच्या हातून पहार लागली तर त्याच्यावर ओरडू नका, नाहीतर पुढच्या वेळी तो सांगणार नाही आणि माती लोटून मोकळा होईल. भराव पडण्याआधी खाली उतरून पायाभोवतीचा थर स्वतःच्या डोळ्यांनी पाहून घ्या.