मँचेस्टर विमानतळावरील आग (१९८५)

२२ ऑगस्ट १९८५ रोजी सकाळी इंग्लंडमधील मँचेस्टर विमानतळावर ब्रिटिश एअरटूर्सचे बोइंग ७३७ विमान ग्रीसमधील कॉर्फू बेटाकडे उड्डाणासाठी धावत असताना त्याच्या डाव्या इंजिनाने पेट घेतला. विमानात १३१ प्रवासी व ६ कर्मचारी होते. विमान जमिनीवरून उठलेच नव्हते आणि अग्निशामक दल विमानतळावरच सज्ज होते. तरीही ५५ जणांचा मृत्यू झाला. विमानातून बाहेर पडण्याच्या नियमांचा विचार या घटनेपासून नव्याने सुरू झाला, म्हणून तिचे महत्त्व.

इंजिनातील एका ज्वलनकक्षाला तडा गेला होता व त्याची पूर्वी वेल्डिंगने दुरुस्तीही झाली होती. तो फुटला आणि त्यामुळे बाहेर फेकल्या गेलेल्या तुकड्याने पंखाखालील इंधनटाकीचे झाकण भेदले. वाहत्या इंधनाने भडका घेतला. धडाक्याचा आवाज ऐकून टायर फुटला असावा, असा वैमानिकांचा समज झाला. आगीचा इशारा नऊ सेकंदांनी मिळाला. उड्डाण रद्द करून विमान धावपट्टीवरून बाजूच्या मार्गावर वळवण्यात आले. वारा मंदच होता. पण विमान अशा दिशेने थांबले की त्याने ज्वाळा थेट विमानाच्या अंगावर लोटल्या.

पुढचा प्रत्येक क्षण दरवाजांवर अवलंबून होता. पुढचा उजवा दरवाजा घसरगुंडीच्या पेटीमुळे अडकला व विमान थांबल्यानंतर सुमारे ७० सेकंदांनी उघडला. डावा त्याआधी उघडला होता, पण त्याकडे नेणारी वाट स्वयंपाककक्षाच्या भिंतींमधून जाणारी, जेमतेम ५७ सेंटीमीटर रुंदीची होती. उजव्या पंखावरील आपत्कालीन झडप सुमारे २२ किलो वजनाची. ती निघताच शेजारच्या आसनावरील प्रवाशावर पडली. मागचा उजवा दरवाजा उघडला गेला, मात्र त्यातून कोणीही वाचले नाही. बहुतेकांचा बळी ज्वाळांनी नव्हे, धुरातील कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन सायनाइडसारख्या विषारी वायूंनी घेतला. काही श्वासांतच माणसाची शुद्ध हरपते, हे त्यामागचे भीषण वास्तव.

पुढे क्रॅनफिल्ड येथे हेलन म्यूर यांनी स्वयंसेवकांवर प्रयोग केले. आधी बाहेर पडणाऱ्या निम्म्या लोकांना पाच पौंड जादा मिळणार, एवढ्याच आमिषाने लोक आसनांवरून उड्या मारू लागले व अरुंद वाटेत तुंबले. शिस्तीत पार पडलेल्या चाचण्यांतून असे वर्तन दिसतच नव्हते. निम्मे दरवाजे बंद ठेवून ९० सेकंदांत विमान रिकामे करण्याची सक्तीची चाचणीही अशीच शिस्तबद्ध असते, हे येथे लक्षात घ्यावे.

त्यानंतर पंखाजवळच्या दरवाजाशी मोकळी जागा ठेवणे, तेथील प्रवाशांना आधी सूचना देणे, आगीला विरोध करणारी आसने, धुरात वाट दाखवणारे जमिनीलगतचे दिवे हे उपाय प्रचलित झाले. ७३७ च्या नव्या आवृत्त्यांत पंखावरील झडप बिजागरीवर बसवून आपोआप वर उघडणारी केली आहे. पंखाजवळच्या रांगेत कर्मचारी येऊन जी माहिती सांगतात, तिचे मूळ या घटनेत आहे. प्रवाशांना धूररोधक मुखवटे द्यावेत, ही तपास अहवालातील शिफारस मात्र स्वीकारली गेली नाही. मुखवटा चढवण्यात बाहेर पडण्याचा वेळ जाईल, अशी हरकत घेण्यात आली.