मेमरी पेज : वापराची नोंद

ऑपरेटिंग सिस्टीमचा कर्नल मुख्य मेमरीतील प्रत्येक पेजचा ठेवतो तो हिशेब. पेज कोणाकडे आहे, किती जणांकडे आहे, अलीकडे कोणी वापरले का आणि त्यातील मजकूर बदलला का, एवढे प्रश्न त्यात येतात. पेज म्हणजे मेमरीचा ठरावीक मापाचा तुकडा. बहुतेक संगणकांत तो ४ किलोबाइटचा असतो. मेमरी अपुरी पडली की कोणते पेज काढून घ्यायचे, हे कर्नल या नोंदींवरून ठरवतो. नोंद एका बाजूने चुकली तर वापरातले पेज दुसऱ्याच्या हाती जाऊन माहिती बिघडते; दुसऱ्या बाजूने चुकली तर सोडलेले पेज परत येत नाही आणि मेमरी हळूहळू संपते.

पूर्वपीठिका : मँचेस्टर विद्यापीठातील ॲटलस संगणक १९६२ मध्ये सुरू झाला. त्याच्या मुख्य मेमरीत ५१२ शब्दांची ३२ पेजे मावत आणि प्रत्येक पेजला ‘वापरले’ अशी एक-अंकी खूण जोडलेली असे. त्या खुणा ठरावीक काळाने वाचून कोणते पेज बाहेर पाठवावे हे प्रणाली ठरवी. लास्लो बेलाडी यांनी १९६६ मध्ये दाखवले, की सर्वांत उशिरा लागणारे पेज काढणे हाच आदर्श निर्णय होय. पण त्यासाठी भविष्य ठाऊक हवे. म्हणून प्रत्यक्षात मागील वापरावरून पुढचा अंदाज बांधावा लागतो. पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये मांडलेल्या ‘वर्किंग सेट’च्या (प्रोग्रॅमने अलीकडच्या काळात वापरलेल्या पेजांच्या संचाच्या) कल्पनेने या अंदाजाला शास्त्रीय बैठक दिली.

नोंदीची रचना : लिनक्स कर्नलमध्ये प्रत्येक भौतिक पेजमागे एक छोटी नोंद असते. ६४-बिट यंत्रांवर ती साधारण ६४ बाइटची असते. ८ गिगाबाइट मेमरी म्हणजे सुमारे २१ लाख पेजे. त्यांच्या नोंदींनाच १२८ मेगाबाइट लागतात. त्यामुळे या नोंदीत एखादा बिट वाढवायचा तरी कर्नलच्या विकासकांमध्ये खल होतो. जमिनीच्या सातबाऱ्यात धारक कोण आणि पीकपाणी काय, ही दोन्ही माहिती एकाच उताऱ्यावर मिळते. तसे येथेही ताब्याचे आणि वापराचे हिशेब एकत्र, पण स्वतंत्र रकान्यांत असतात.

ताब्याच्या हिशेबात दोन गणक महत्त्वाचे. संदर्भगणक सांगतो, की हे पेज कर्नलच्या कोणत्याही भागाने किंवा प्रोग्रॅमने किती ठिकाणी धरून ठेवले आहे. तो शून्यावर आला की पेज मोकळे होते. जोडणीगणक फक्त एवढेच मोजतो, की किती पेज-तक्त्यांत, म्हणजे चालू प्रोग्रॅमचा (प्रक्रियेचा) कोणता पत्ता कोणत्या पेजवर जातो हे सांगणाऱ्या तक्त्यांत, या पेजची नोंद आहे. तो शून्यापासून नव्हे, उणे एकपासून सुरू होतो. पहिली जोडणी झाली की शून्य होतो. एखाद्या प्रक्रियेने आपली प्रत काढली, तर मूळ व नवी प्रक्रिया आरंभी तीच पेजे वाटून घेतात; दोघींपैकी कोणी लिहायला गेली, की त्या पेजची वेगळी प्रत होते. नेटवर्क कार्डासारखे उपकरण थेट मेमरीत लिहीत असेल, तर ते पेज जागचे हलता कामा नये. २०२० मधील ५.७ आवृत्तीपासून असे पेज रोखताना संदर्भगणकात एकदम १०२४ मिळवले जातात. साधा संदर्भ आणि रोखलेले पेज यांतला फरक त्यावरून ओळखता येतो. नवा रकाना लागत नाही.

वापराचा अंदाज : प्रोग्रॅम मेमरी वाचतो तेव्हा कर्नलला त्याची वर्दी मिळत नाही; प्रत्येक वाचनाला वर्दी द्यायची ठरवली तर यंत्र ठप्प होईल. म्हणून प्रोसेसर पेज-तक्त्यात ‘वापरले’ आणि ‘बदलले’ अशा दोन खुणा करतो. कर्नल पहिली खूण पुसतो आणि काही काळाने पुन्हा पाहतो. खूण उमटली असेल, तर मधल्या काळात वापर झाला. तो एकदा झाला की हजारदा, हे मात्र कळत नाही. ज्या प्रोसेसरमध्ये ही सोय नसते, तेथे पेजची वाट तात्पुरती बंद करून येणाऱ्या अडथळ्यावरून वापर ओळखतात.

या खुणांच्या आधारे पेजे ‘सक्रिय’ व ‘निष्क्रिय’ याद्यांत फिरत राहतात. पेजवरून त्याचे सर्व पेज-तक्ते शोधण्याची उलट नोंद २००२ च्या सुमारास २.५ या विकास-मालिकेत आली. त्यापूर्वी त्यासाठी प्रक्रियांचे तक्ते चाळावे लागत. २०२२ च्या अखेरीस ६.१ आवृत्तीत पेजांची वयानुसार अनेक पिढ्यांत विभागणी करणारी पद्धत दाखल झाली.

पाहणीची साधने : २००८ पासून कर्नल पेजांचे काही हिशेब फाइलींच्या रूपात उघड करतो. कोणत्या प्रक्रियेचे पेज कोणत्या भौतिक पेजवर आहे, हे त्यांतून दिसे. मेमरीतील शेजारचे बिट उलटवणाऱ्या रोहॅमर हल्ल्यात ही माहिती उपयोगी पडू शकते हे लक्षात आल्यावर २०१५ मध्ये ती सामान्य वापरकर्त्यांसाठी बंद झाली. त्याच वर्षी पडून असलेली पेजे शोधण्याची सोय आली. २०२१ मधील ‘डॅमन’ हे साधन प्रत्येक पेज न तपासता मेमरीचे विभाग पाडते आणि विभागातील एकेक नमुना पाहते. त्यामुळे मेमरी कितीही मोठी असली तरी पाहणीचा खर्च आटोक्यात राहतो.

मुंबईतील संशोधन : पवईच्या आयआयटी मुंबईतील प्रतीक शर्मा आणि पुरुषोत्तम कुलकर्णी यांनी २०१२ मध्ये ‘सिंगलटन’ ही प्रणाली मांडली. एका यंत्रावर अनेक आभासी यंत्रे चालतात तेव्हा आतला कर्नल डिस्कवरून वाचलेला मजकूर आपल्या कॅशमध्ये ठेवतो आणि यजमान कर्नलही तोच मजकूर आपल्या कॅशमध्ये ठेवतो. दोघांचे हिशेब आपापल्या जागी बिनचूक असतात, तरी मेमरी दुप्पट खर्ची पडते. यजमानाच्या दृष्टीने आभासी यंत्राची मेमरी म्हणजे एका प्रक्रियेची बिननावाची पेजे. त्यांत फाइलींचा मजकूर आहे हे त्याला ठाऊक नसते.

समान मजकुराची पेजे एकत्र करणारी केएसएम ही सोय लिनक्सच्या २.६.३२ आवृत्तीत २००९ मध्ये आली होती. पण यजमानाच्या कॅशमधील पेजे तिच्या कक्षेबाहेर होती. सिंगलटनने केएसएममध्ये सुधारणा करून आभासी यंत्रांतील पेजांचा मजकूर यजमानाच्या कॅशशी ताडून पाहिला आणि जुळणारी प्रत यजमानाकडून काढून टाकली. आभासी यंत्रांत कोणताही बदल करावा लागला नाही. संशोधकांच्या मापनानुसार यजमानाची कॅश कमाल दहापटीपर्यंत लहान झाली, कॅशमध्ये मजकूर सापडण्याचे प्रमाण दुप्पट झाले आणि आभासी यंत्रांचे वाचन-लेखन ४० टक्क्यांनी वेगवान झाले. त्यासाठी प्रोसेसरचा २० टक्क्यांहून कमी वेळ खर्ची पडला.

मर्यादा : पेजच्या नोंदीला मेमरी लागते, खुणा तपासायला वेळ लागतो आणि नोंद कर्नलच्या स्वतःच्या हद्दीपुरतीच खरी असते. पहिल्या दोन अडचणींवर नमुना-पाहणी आणि सलग पेजांचा एकत्रित हिशेब हे उपाय निघाले आहेत; ५.१६ आवृत्तीत जानेवारी २०२२ मध्ये आलेली ‘फोलिओ’ ही रचना दुसऱ्या प्रकारातली. तिसरी अडचण अधिक खोल आहे. एकावर एक कर्नल चालवणाऱ्या आजच्या डेटा-केंद्रांत मेमरीची बचत साधायची, तर प्रत्येक थराची नोंद अचूक असणे पुरेसे नाही; थराथरांतील नोंदी एकमेकींशी ताडून पाहाव्या लागतात.