गरज होती, गिऱ्हाईक नव्हते

औषधाच्या गोळीत रसायनाची किंमत थोडी आणि ज्ञानाची फार असते. पहिली गोळी हाती यायला वर्षानुवर्षांचे संशोधन लागते. पुढच्या गोळ्यांना कच्चा माल, यंत्रे आणि पॅकिंग एवढाच खर्च. शिवाय एकाने कृती वापरली म्हणून दुसऱ्याला ती कमी पडत नाही. पॉल रोमर यांनी १९९० साली आर्थिक वाढीचा सिद्धान्त मांडला तो ज्ञानाच्या याच गुणावर.

अशा मालाचा खप वाढला की संशोधनाचा बोजा दर नगामागे हलका होतो. म्हणून बाजार किती मोठा, यावर सगळे ठरते. पण बाजार गरजेने बनत नाही, ऐपतीने बनतो. एड्सच्या औषधांबाबत हा भेद लाखोंच्या जिवावर बेतला.

१९७० चा भारतीय पेटंट कायदा १९७२ मध्ये अमलात आला. त्यात औषधाला पेटंट नव्हते, ते बनवण्याच्या पद्धतीला होते. हैदराबादच्या भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेने वेगळी पद्धत बसवली आणि मुंबईच्या सिप्ला कंपनीने १९९३ मध्ये एझेडटी हे एड्सवरचे औषध बाजारात आणले, परदेशी दरापेक्षा कितीतरी स्वस्त. तरी ते खपले नाही. रुग्णांना तेही परवडत नव्हते आणि सरकारी पैसा तपासणी व प्रतिबंधाकडे जात होता.

पुढे स्टॅव्ह्युडीन, लॅमिव्ह्युडीन आणि नेव्हिरॅपीन ही तीन वेगवेगळ्या कंपन्यांची औषधे सिप्लाने एकाच गोळीत आणली: सकाळी एक, संध्याकाळी एक. पेटंटे त्या-त्या कंपनीकडे असलेल्या देशांत हे सहज शक्य नव्हते. फेब्रुवारी २००१ मध्ये सिप्लाचे प्रमुख युसूफ हमीद यांनी तीन औषधांचा हा उपचार वर्षाला ३५० डॉलरला देऊ केला. पाश्चात्त्य कंपन्यांचा दर १० हजारांवर होता.

माझ्या मते खरे वळण त्यानंतरचे आहे. २००२ मध्ये ग्लोबल फंड हा आंतरराष्ट्रीय मदतनिधी आणि २००३ मध्ये अमेरिकेची एड्स मदत योजना उभी राहिली, तेव्हा आफ्रिकेतल्या गरजेला प्रथमच खरेदीदार मिळाला. उत्पादन वाढले आणि दर पुढे १०० डॉलरखाली उतरला. अंथरुणाला खिळलेले कमावते हात पुन्हा कामाला लागले. इकडे भारतीय कारखान्यांनाही स्थिर मागणी लाभली. तेव्हा सरकारी खरेदीला निव्वळ धर्मादाय समजणे चूक आहे. ती संशोधन आणि उद्योगधोरणाचाच भाग आहे.

क्षयरोगात असा खरेदीदार वेळेवर उभा राहिला नाही. त्याचे रुग्ण बहुतांशी गरीब. बेडाक्विलिन हे क्षयावरचे नव्या वर्गातले औषध २०१२ मध्ये मंजूर झाले, ते सुमारे ४० वर्षांच्या खंडानंतर.