चार्ल्स कोरियांचे भोपाळ

चार्ल्स कोरिया म्हटले की आम्हां गोंयकारांना पणजीची कला अकादमी आठवते. मांडवीच्या काठावरची, बैठी, वाऱ्याला वाट देणारी. कोरियांचे मूळ गोव्याचे, जन्म १९३० साली सिकंदराबादला, कारकीर्द मुंबईत. पण त्यांच्या दोन फार महत्त्वाच्या वास्तू भोपाळात आहेत, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक असते?

भोपाळच्या अवधपुरीत बहिणीकडे काही दिवस मुक्काम होता, तेव्हा त्या पाहिल्या. अवधपुरी ही भेलच्या कारखान्याच्या बाजूला वाढलेली वसाहत. घरे आपल्याकडच्या नव्या वसाहतींसारखीच. मे महिन्यात खिडकी उघडावी तर झळा आत येतात, बंद करावी तर भर दुपारी दिवा लावावा लागतो. एक मागणी पुरवली की दुसरी रुसते. घर बांधणाऱ्या प्रत्येकाला हा अनुभव आहे.

आता हीच अडचण मोठ्या प्रमाणावर पाहू. श्यामला टेकडीवर, बड्या तलावाच्या काठी सरकारला कलाकेंद्र हवे होते. तिथे आदिवासी कला आणि आधुनिक चित्रे ठेवायची होती, नाटक, संगीत आणि कविता यांचीही सोय करायची होती. चित्रांना उजेड हवा, पण थेट ऊन नको. लोकांनी सहज यावे, पण रात्री सारे सुरक्षित राहावे. आणि टेकडीवरून दिसणारा तलाव झाकला जाऊ नये.

कोरियांनी इमारत उभी करण्याऐवजी उतारात बसवली. माणूस वरच्या अंगाने येतो आणि गच्च्यांवरून, पायऱ्यांवरून खालच्या चौकांत उतरतो. दालने या चौकांभोवती आहेत. उजेड वरून, काँक्रीटच्या झरोक्यांतून आणि गच्चीच्या कठड्यालगतच्या फटींतून येतो. चौकाकडे उघडणाऱ्या दारांना दोन पदर आहेत. आतला पदर काचेचा, त्यातले काही भाग हवेसाठी उघडता येतात. बाहेरचे मोठे लाकडी दरवाजे रात्री बंद करायचे. हेच भारत भवन. १३ फेब्रुवारी १९८२ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले.

एका मागणीवर मात्र पाणी सोडावे लागले. रस्त्यावरून ही इमारत जवळजवळ दिसतच नाही. सरकारी इमारत म्हटली की खांब, पोर्च, भव्य दर्शनी भाग आलाच. इथे तो नाही, आणि म्हणूनच तलाव आहे.

अरेरा टेकडीवरच्या विधान भवनात ही मुभा नव्हती. राज्याचे विधिमंडळ दिसायलाच हवे. इथे कोरियांनी मोठे वर्तुळ घेतले आणि त्यात नऊ चौकोनांचा आराखडा बसवला. मध्ये चौक आणि दालने, चार कोपऱ्यांत दोन सभागृहे, संयुक्त सभागृह आणि ग्रंथालय. विधानसभेवरचा घुमट पाहून सांचीचा स्तूप आठवल्याशिवाय राहत नाही. सामान्य नागरिक, आमदार आणि मान्यवर यांची प्रवेशद्वारे वेगळी. म्हणजे सुरक्षाही राहते आणि लोकांसाठी दार बंदही होत नाही. १९९६ साली ही वास्तू पूर्ण झाली. गंमत अशी की मध्य प्रदेशात विधान परिषद कधी अस्तित्वात आलीच नाही, तरी वरिष्ठ सभागृहाची जागा आराखड्यात धरावी लागली. फायलीत नोंदलेली मागणी वास्तुकाराला टाळता येत नाही, हे आम्हां कारकुनांना वेगळे सांगायला नको.

कचेरीत दोन खात्यांचे पटले नाही की आम्ही मधला आकडा काढतो. कोणीच खूश नसते, पण फाईल पुढे सरकते. वास्तूत असे चालत नाही. अर्धा उजेड आणि अर्धी सुरक्षा दिली तर दोन्ही वाया जातात. कोरियांनी मागण्या कापल्या नाहीत, प्रत्येकीला तिची वेगळी जागा दिली. उजेडाला छप्पर, सुरक्षेला बाहेरचा दरवाजा, माणसांना चौक.

हे आज सांगायचे कारण कला अकादमीच आहे. जुलै २०२३ मध्ये नूतनीकरण चालू असताना तिच्या खुल्या रंगमंचाचे छप्पर कोसळले, आणि गोव्यात मोठा वाद झाला. वाद मुख्यतः खर्चाचा आणि जबाबदारीचा होता. तो व्हायलाच हवा होता. पण एखादी भिंत किंवा मोकळी जागा कोणती मागणी सांभाळण्यासाठी ठेवली आहे, हे दुरुस्तीआधी कोणीतरी विचारले पाहिजे. रिकामी दिसणारी जागा नेहमीच रिकामी नसते. २०१५ साली कोरिया गेले. आता हा प्रश्न त्यांच्या वतीने आपणच विचारायचा आहे.