कुलूप चांगलं होतं

२६ जुलै २००५. वालधुनी नदी कल्याणमधल्या आमच्या तळमजल्यावरच्या घरात शिरली तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. पाणी ओसरल्यावर बाबा ओट्यापाशी बसून अल्बमची चिकटलेली पानं सोडवत होते. दर पानागणिक कोणाचा ना कोणाचा चेहरा समोरच्या पानावर निघून जात होता.

पुढे इंजिनियर झाल्यावर उरलेले फोटो मी स्कॅन केले आणि क्लाउडवर टाकले. त्याचं काय झालं ते सांगतोच, पण त्याआधी एक जुनी गोष्ट. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली स्थापन करणाऱ्यांपैकी एक, वि. ल. भावे, यांच्याविषयी वाचताना ती मला सापडली.

तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा केल्या. ज्यांनी स्वामींना पाहिलं-ऐकलं होतं त्यांना गाठायचं, विचारायचं, नागदेवाचार्यांकडून तपासून घ्यायचं. त्यातून ‘लीळाचरित्र’ तयार झालं. हा मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ मानतात. परंपरा सांगते की चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला, देवगिरीवरच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत, मूळ पोथी गेली. प्रत एकच. आमच्या अल्बमसारखीच.

मग ज्यांना ग्रंथ पाठ होता त्यांच्याकडून तो पुन्हा उभा केला गेला. हिराइसा नावाच्या बाईंची स्मरणशक्ती यासाठी पंथात प्रसिद्ध आहे. वेगवेगळ्या लोकांच्या आठवणींतून वेगवेगळे पाठ झाले, म्हणून आजही लीळाचरित्राचे पाठ एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत. आमच्या धंद्यात याला डेटा रिकव्हरी म्हणतात, आणि तीही कधी शंभर टक्के होत नाही.

त्यानंतरचं पाऊल मला जास्त ओळखीचं वाटलं. महानुभावांनी पोथ्या सांकेतिक लिप्यांत लिहायला सुरुवात केली. सकळ, सुंदरी अशा त्या अनेक होत्या. रवळोबासांची म्हणून ओळखली जाणारी सकळ लिपी म्हणजे अक्षरांची अदलाबदल: एका अक्षराच्या जागी ठरलेलं दुसरं. हेतू गुप्तता होता की भराभर लिहिण्याची सोय, यावर अभ्यासकांत वाद आहे. आजचा लॅपटॉप असली लिपी चहा निवायच्या आत फोडेल. पण तेव्हा ती पुरेशी होती, इतकी की शेकडो वर्षं मराठी साहित्याचा इतिहास मुकुंदराज-ज्ञानेश्वरांपासून सांगितला जाई आणि बाहेरच्या वाचकाला लीळाचरित्राचा पत्ताच नव्हता.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाडे आणि आपले ठाणेकर भावे यांनी ही लिपी उलगडून पंथाबाहेर आणली. भाव्यांच्या ‘महाराष्ट्र सारस्वता’च्या पुढच्या आवृत्तीत महानुभावांना जागा मिळाली. पण मला अडवतं ते वेगळंच. पंथातल्या माणसांसाठी ती लिपी कधी बंद नव्हतीच. मठामठांतून गुरू शिष्याला किल्ली देत आला होता. पोथी आणि किल्ली वेगवेगळ्या ठिकाणी, आणि किल्ली जिवंत माणसांकडे.

मी काय केलं? फोटो दोन वेगळ्या सर्व्हिसेसवर ठेवले, आणि वर चढवायच्या आधी ते माझ्याच लॅपटॉपवर एन्क्रिप्ट केले, म्हणजे कंपनीलाही दिसू नयेत. पासफ्रेज लांबलचक, कुठेही न लिहिलेली. पुस्तकात सांगतात तसं सगळं. फक्त ती दुसऱ्या कोणालाच सांगितली नाही. नोकरी बदलली, डोंबिवलीला राहायला आलो, त्या गडबडीत शेवटी मी कोणता आकडा जोडला होता ते विसरलो. जुना लॅपटॉप तर केव्हाच बंद पडून भंगारात गेला होता. अल्बमही तोवर बुरशीने गेले होते.

गेल्या वर्षी आजीच्या वर्षश्राद्धाला बाबा म्हणाले, “अरे, तिचा तो नऊवारीतला फोटो काढ ना. तू ठेवलायस ना वर?”

ठेवलाय. फाइल दिसते, साइज दिसतो, तारीख दिसते. रात्री ट्रेनमध्ये उभं राहून अजून एकेक आकडा लावून बघतो. नव्या फोटोंची किल्ली मी कागदावर लिहून बहिणीकडे दिली आहे. जुन्या फाइलींचे पैसे मात्र दर महिन्याला खात्यातून कापले जातात, आणि ते बंद करायला अजून हात होत नाही.